भाग काळ्या बाजूला लावावेत

अ‍ॅम्प्लिफायर दुकानात तयार मिळतो. खोका घरी आणायचा, पिन भिंतीत खुपसायची, गाणं वाजतं. जगातली बहुतेक माणसं एवढंच करतात आणि सुखाने मरतात. उरलेली सत्तर माणसं शिक्केवाल्याच्या ग्रुपवर होती.

ह्या सत्तर जणांना अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हाताने जोडायचा होता. त्याला लागतो सर्किट बोर्ड: वहीच्या पानाएवढी पाटी, तिच्यात भोकं, आणि भोकाभोकांना जोडत जाणारे तांब्याचे रस्ते. भोकांत सुटे भाग उभे करायचे, कथील वितळवून ते चिकटवायचे, म्हणजे सोल्डर करायचं, आणि जीव मुठीत धरून बटण दाबायचं. एकट्यादुकट्यासाठी असा बोर्ड करून द्यायला कारखाना नाक मुरडतो. म्हणून सगळ्यांनी मिळून एकदम मागवायचे. ग्रुपवर ह्याला ‘सामुदायिक खरेदी’ म्हणत. घरोघरी ह्याला ‘झालं, परत लागलं खूळ’ म्हणत.

खरेदीला एक प्रमुख लागतो. सगळ्यांच्या शिव्या एका जागी जमा व्हाव्यात एवढंच त्याचं काम. मागच्या प्रमुखाने चुकीचे ट्रान्सफॉर्मर मागवले होते. चुकीचे म्हणजे काय, तर ते गुणगुणायचे. ग्रुपने त्याला असा सोलून काढला की त्याने हा नादच सोडला आणि घरात मासे पाळले. तर ग्रुपमधले दोघं मासेवाल्यांच्या ग्रुपवर गेले आणि तिथे सगळ्यांदेखत त्याला विचारून आले, की पाणी गुणगुणत नाही ना.

ह्या वेळी प्रमुख होता शिक्केवाला. त्याचं रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. आत दोन माणसं असली की तिसऱ्याने पोट आत घेऊन यायचं, एवढं. ‘मिळाले’, ‘रद्द’, ‘खरी प्रत’ अशा शब्दांवर त्याचा संसार चाले. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सरळ उमटतात. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे शिक्केवाल्याला उलटं आणि सरळ दोन्ही सारखंच दिसे. त्याची बायको म्हणे, “आणि म्हणून ह्याचं माझ्याशी पटतं.”

बोर्डाची रचना फ्यूजकाकांची होती. काकांनी उभा जन्म सिनेमाच्या थिएटरांत आवाजाची यंत्रं सांभाळण्यात घालवला होता. आता ऐंशीला टेकले होते. फ्यूज न टाकता यंत्र सुरू करणाऱ्या माणसाला ते आत्महत्या करणारा पण आळशी, असं म्हणत. त्यावरून हे नाव पडलं. नवा अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा सुरू करताना ते विजेच्या वाटेत एक साधा बल्ब जोडत. त्याला म्हणायचं सिरीज बल्ब. बल्ब भसकन पेटला, तर आत काहीतरी चुकलंय आणि बल्बने ते स्वतःवर घेतलंय. क्षणभर चमकून मंदावला, तर सगळं ठीक.

“माणसांनाही असा लावता आला पाहिजे होता रे शिक्क्या,” काका एकदा म्हणाले. “मुलाचं लग्न ठरवताना मध्ये लावला असता.”

“मला ऐकू येतंय बाबा,” सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“तुझ्या बाजूने लावला असता ग. तू वाचली असतीस.”

सूनबाई हसली. हे हसणं सांगायला हवं, कारण पुढे त्या घरात फारसं कोणी हसत नाही.

काका विसरायला लागले होते. दूध उतू जाई, गॅस चालू राही. एकदा सोल्डरिंगची गरम सळई त्यांनी दात घासायच्या ब्रशांच्या मगात ठेवली आणि घरातल्या तिघांचे ब्रश वितळून एक झाले. “कुटुंब एकत्र आलं,” काका म्हणाले, पण मुलाला हसू आलं नाही. मुलाचं फरशीचं दुकान होतं. दिवसभर तो दुकानात, सूनबाई नोकरीला. त्याने गावाबाहेरचं एक केअर सेंटर बघून ठेवलं होतं. वाईट माणूस नव्हता. त्याने तिथल्या संडासातल्या फरश्यासुद्धा घासून बघितल्या होत्या, बाबांचा पाय घसरू नये म्हणून.

काकांनी मात्र पाय रोवले. शिक्केवाला समोर असतानाच बापलेकांचं जुंपलं.

“मी दूध विसरतो. दूध माझं कधीच नव्हतं. माझं जे आहे ते मी विसरलोय का?”

“बाबा, प्रश्न तो नाहीये.”

“प्रश्न तोच आहे. माझा बोर्ड येतोय. मी तो एकटा जोडतो. तू समोर बस आणि बघ. वाजला, तर मी ह्याच खोलीत मरणार आणि तो विषय परत काढायचा नाही. नाही वाजला, तर बॅग तू भर, मी मुकाट गाडीत बसतो.”

मुलाने बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे पाहिलं. “ठीक आहे,” मुलगा म्हणाला. “बोर्ड आल्यावर.”

काका शिक्केवाल्याला सोडायला दारापर्यंत आले. “लवकर आण रे,” ते हळू म्हणाले. “अजून सगळं डोक्यात आहे तोवर.”

लवकर म्हणजे काय, हे ग्रुपला ठाऊक नव्हतं. बोर्डाचा रंग कुठला असावा ह्यावर घोडं अडलं. एका बाजूला दातांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं, बोर्ड काळा हवा. काळ्या बोर्डातून आवाज जास्त खोल येतो. दुसऱ्या बाजूला लिफ्ट दुरुस्त करणारा, ज्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. त्याचं म्हणणं, हिरवाच हवा. हिरव्यातून तांबं दिसतं, चूक सापडते, आणि आवाज बोर्डातून येतो असं वाटणाऱ्याने आधी स्वतःची दाढ तपासून घ्यावी. काळे आणि हिरवे असे दोन पक्ष पडले. सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलेनासे झाले. मग बोर्डावर ग्रुपचं नाव छापायचं की काकांचं, की दोन्ही, आणि कोणाचं वर, ह्यावर दुसरं युद्ध झालं.

शिक्केवाल्याच्या डोळ्यांपुढे काकांची बॅग. त्याने एका संध्याकाळी हात जोडून तोडगा काढला: बोर्ड वरून काळा, खालून हिरवा. आणि नाव, खुणा, अक्षर, काही म्हणजे काहीही छापायचं नाही. कुठला भाग कुठे, ते वेगळ्या कागदावर देऊ. दोन्ही पक्ष सारखेच नाराज झाले, म्हणजे करार पक्का. कागदाच्या डोक्यावर काळ्यांनी एक ओळ हट्टाने घालून घेतली: ‘भाग काळ्या बाजूला लावावेत.’

“बोर्ड आहे की आघाडीचं सरकार?” काका फोनवर म्हणाले.

काकांच्या फाइलवरची अक्षरं पुसायची म्हणून शिक्केवाल्याने ती दुकानातल्या कोरीव मशीनच्या कॉम्प्युटरवरच उघडली. बाहेर गिऱ्हाईक ‘अत्यंत तातडीचे’ हा शिक्का अत्यंत तातडीने हवा म्हणून बोंबलत होतं. त्याने अक्षरं पुसली, तातडीचं चित्र आणि काकांचं चित्र पाठोपाठ मार्गी लावलं आणि चहा मागवला. कारखान्याकडून नमुन्याचं चित्र आलं. ते त्याने ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं, ‘डोळ्यांत तेल घालून बघा.’ सत्तर जणांनी तेल घातलं. काळा पुरेसा काळा नाही, अशा तक्रारी आल्या. हिरव्याला पोपटी झाक आहे, असंही आलं. रस्त्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. काकांना मोबाइलवर बारीक दिसत नसे. ते म्हणाले, “हातात आला की बघतो.”

बोर्ड आले. शिक्केवाल्याने खोका फोडला, वरचा बोर्ड काढून उजेडात धरला. काळाभोर, गुळगुळीत, आणि मागून हिरवागार. कडा बोटाला लागत नव्हत्या. त्याला भरून आलं. बायको म्हणाली, “आपल्या बाळाचा फोटो बघून एवढे डोळे पाणावले नव्हते.” उरलेले बोर्ड त्याने त्याच दिवशी पाकिटांत घालून, प्रत्येकात तो कागद टाकून, सत्तर दिशांना रवाना केले. प्रमुखाच्या आयुष्यातला हा एकमेव सुखाचा दिवस असतो.

रविवारी सकाळी तो काकांकडे गेला. काका दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले होते. टेबलावर सुटे भाग वाट्यावाट्यांतून मांडलेले. मुलगा आणि सूनबाई समोर.

काकांनी बोर्ड दोन्ही हातांत घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोर्ड नाकाशी नेला. त्यांचं बोट काळ्या रंगाखाली उठून दिसणाऱ्या रस्त्यांवरून फिरत होतं. वाटेत थांबलं. मागे आलं.

“हा उलटा आहे,” काका म्हणाले.

सूनबाईने पुढे होऊन बोर्ड त्यांच्या हातात अर्धा फिरवून दिला. “आता?”

“अगं, तसा नव्हे. कसाही धर. आरशात बघितल्यासारखा आहे. वीज इकडून आत यायला हवी, ही तिकडून येतेय. तीन पायांचा भाग इथे लावला तर त्याचा डावा पाय उजव्याच्या जागी जाईल. धूर निघेल धूर.”

मुलाने शिक्केवाल्याकडे पाहिलं. “खरं का हो?”

आणि तेव्हा शिक्केवाल्याला आठवलं. आठवलं म्हणजे डोक्याला नव्हे, हाताला. त्या मशीनवरून बाहेर जाणारं प्रत्येक चित्र पाठवण्याआधी त्याचा हात एक बटण दाबत असे: उलटं करा. तो ते ठरवून दाबत नसे, जसं माणूस ठरवून शिंकत नाही. ‘अत्यंत तातडीचे’ उलटं केलं, पाठोपाठ काकांचा बोर्डही उलटा केला. आणि नंतर नमुन्याचं चित्र आलं तेव्हा ते त्याला बरोबर वाटलं, कारण त्याला सगळंच बरोबर वाटे.

सत्तर पाकिटं पोस्टात होती. त्याला मासे दिसले. काचेच्या पेटीतले, तोंड उघडणारे, मिटणारे.

“फाइल काकांचीच आहे,” शिक्केवाला म्हणाला.

हे खरं होतं. अक्षरन्‌अक्षर खरं होतं, त्यावर ‘खरी प्रत’ असा शिक्कासुद्धा मारता आला असता. मुलाने मान हलवली आणि सूनबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

काकांचं लक्षच नव्हतं. त्यांना चूक कोणाची ह्यात रस नव्हता, ती सापडली ह्यात होता. “असू दे,” ते खुशीत म्हणाले. “उलटा शिवलेला सदरा उलटा घातला की सरळ होतो. सगळे भाग मागून लावतो, हिरव्या बाजूने. काही बिघडत नाही. जा तुम्ही, मला काम करू द्या.”

शिक्केवाला घरी आला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

“मग तिथेच का नाही बोललास?”

“सत्तर जण आहेत. तुला माहीत नाही ते कसे आहेत.”

“काय करतील? फार तर मासे पाळशील.”

“आज ग्रुपला सांगतो, मग काकांकडे जातो.”

“आधी काकांकडे जा. ग्रुपमधल्या प्रत्येकाला घर आहे ना? त्या म्हाताऱ्याचं जातंय.”

तो म्हणाला, उद्या. उद्या म्हणण्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. बायकोच्या हातातल्या भाजीपेक्षा फेकलेला ढीग मोठा झाला होता, तरी ती निवडतच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका सहकारी संस्थेची निवडणूक घुसली आणि सगळे उमेदवार शिक्के मागायला आले. तिसऱ्या दिवशी काकांच्या मुलाचाच फोन आला. “जरा येऊन जाता का? तुमच्या समोर झालेलं बरं.”

काकांचं काम पूर्ण झालं होतं. असं काम शिक्केवाल्याने कधी पाहिलं नव्हतं. सगळे भाग शाळेच्या प्रार्थनेला उभे राहावेत तसे ओळीत. सोल्डरचा एकेक थेंब सारखा, चकचकीत. कुठे जळलेलं नाही, ओघळलेलं नाही. आणि सगळंच्या सगळं हिरव्या बाजूला.

मुलाच्या हातात तो कागद होता. “हे वाचा,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या कोणी वाचायच्या आत स्वतःच वाचलं, “‘भाग काळ्या बाजूला लावावेत.’ पहिलीच ओळ आहे. ठळक आहे. बाबा, वाचलीत का तुम्ही?”

“वाचली. सरळ बोर्डासाठी लिहिलीय ती. हा उलटा आहे.”

“बाबा, सत्तर लोकांकडे गेलाय हा बोर्ड. सत्तर जणांत एकालाही तो उलटा दिसला नाही?”

“ते रंग बघत होते,” काका म्हणाले. हे इतकं खरं होतं की कोणालाच पटलं नाही.

मग काका शिक्केवाल्याकडे वळले. “शिक्क्या, कागद तू लिहिलास ना? तू सांग. तू म्हणशील ते.”

सूनबाई दाराला टेकून उभी होती. शिक्केवाल्याने तोंड उघडलं.

“काळ्या बाजूला असंच ठरलं होतं, काका,” तो म्हणाला. “ग्रुपवर.”

हेही खरं होतं. त्या आठवड्यात शिक्केवाला एकही शब्द खोटा बोलला नाही.

“बरं, मग लावून बघू,” काका म्हणाले. “वाजवून दाखवीन असं ठरलं होतं. सिरीज बल्ब लावतो मध्ये. चुकलं असेल तर बल्ब पेटेल, कोणाचं काही जाणार नाही.” त्यांनी टेबलाखालून वायर जोडलेला बल्ब काढला. बल्बवरची धूळ त्यांनी आधीच पुसून ठेवली होती.

मुलाने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. रागाने नाही, तान्ह्या मुलाच्या हातून कात्री घेतात तसा, आधी बोटं सोडवून. “नको बाबा. विजेशी खेळ नको. ह्या अवस्थेत नको.”

“कुठल्या अवस्थेत?”

मुलगा बल्बची वायर गुंडाळू लागला. शिक्केवाल्याला एवढंच म्हणायचं होतं: लावू द्या त्यांना. तीन शब्द. बल्ब चमकला असता, मंदावला असता, आणि गाणं लागलं असतं. पण गाणं लागलं असतं तर हिरवी बाजू बरोबर ठरली असती, मग बोर्ड उलटा ठरला असता, मग विचारणा झाली असती की उलटा केला कोणी. त्याने शर्टाची कॉलर नीट केली. कॉलर ठीकच होती.

काका बोर्डाकडे बघत राहिले. बोर्ड फिरवला. परत फिरवला. काळी बाजू, हिरवी बाजू, काळी बाजू. मग त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला, जणू कोणा दुसऱ्याचा असावा.

“मग मलाच उलटं दिसत असेल,” ते म्हणाले.

त्या रात्री शिक्केवाल्याने ग्रुपवर लिहिलं. लिहायलाच हवं होतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सत्तर घरांतून धूर निघाला असता. त्याने लिहायला घेतलं, ‘माझ्या हातून चूक झाली आहे.’ ते पुसलं. मग लिहिलं, ‘महत्त्वाची सुधारणा: उष्णता चांगली बाहेर पडावी म्हणून सर्व भाग हिरव्या बाजूला लावावेत. काळ्या बाजूला लावल्यास प्रमुख जबाबदार नाही.’

ग्रुप हादरला. हिरव्यांनी विजय साजरा केला. काळे म्हणाले, हा करारभंग आहे, काळी बाजू आता तळाला जाणार, मग काळी कशासाठी केली? दातांच्या डॉक्टरने दोन दिवस निषेध पाळला. तिसऱ्या दिवशी त्याने बोर्ड जोडला, ऐकला आणि जाहीर केलं की काळा रंग खाली असल्यामुळे आवाजाला पाया आला आहे. लिफ्टवाल्याने लिहिलं, रचना एक नंबर, काकांना दंडवत. सत्तर अ‍ॅम्प्लिफायर वाजले. एकही गुणगुणला नाही. ग्रुपच्या इतिहासातली ही सर्वांत यशस्वी खरेदी ठरली आणि पुढच्या वेळीही शिक्केवालाच प्रमुख, असं एकमताने ठरलं. एकमत ह्या ग्रुपवर पहिल्यांदाच झालं होतं.

काकांना महिन्याच्या सुरुवातीला नेलं. बॅग मुलाने भरली. काका मुकाट गाडीत बसले, ठरल्याप्रमाणे.

शिक्केवाला शेवटी फरशीच्या दुकानात गेला. बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं; शिक्क्यांच्या ऑर्डरीसुद्धा ती चिठ्ठीवर लिहून देई, सरळ अक्षरात, ठसठशीत. दुकानात उभ्या फरश्यांच्या रांगांमध्ये मुलगा गिऱ्हाइकाला समजावत होता की पांढऱ्यात चाळीस प्रकारचा पांढरा असतो. गिऱ्हाईक गेल्यावर शिक्केवाल्याने सगळं सांगितलं: मशीन, बटण, हात, मासे, सगळं.

मुलाने त्याला खुर्ची दिली. चहा मागवला.

“तुम्ही बाबांवर किती जीव लावता,” तो म्हणाला. “आजकाल कोण कोणासाठी एवढं करतं? आरोप अंगावर घ्यायचा म्हणजे...”

“दादा, आरोप नाही. खरंच मी केलं. ही बघा मूळ फाइल, हा बोर्ड. बघा, हा रस्ता इकडे, आणि इथे तो तिकडे.”

मुलाने दोन्ही नीट पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं. “मला दोन्ही सारखंच दिसतं,” तो म्हणाला.

“सगळ्या सत्तर जणांनी हिरव्याच बाजूला लावलेत भाग. सगळे वाजतायत! म्हणजे काकांनी लावले ते बरोबरच होतं.”

“हो, तो तुमचा मेसेज बाबांच्या मोबाइलवर आला होता. उष्णतेसाठी ना? वाचला मी.” मुलाने चहा त्याच्यापुढे सरकवला. “पण बघा, उष्णतेसाठी तुम्हीच हिरवी बाजू ठरवलीत, म्हणजे बोर्ड उलटा नव्हताच. आणि बाबा तर उलटा आहे, उलटा आहे म्हणत होते. म्हणजे घोळ होताच ना डोक्यात?”

शिक्केवाल्याने ह्यात भोक शोधून पाहिलं. वाक्य चारी बाजूंनी चकचकीत होतं. त्यानेच घासून दिलेलं.

“एकदा भेटायला जाऊ द्या मला,” तो म्हणाला. “त्यांचाच बोर्ड घेऊन. त्यांनी जोडलेला.”

“जा ना. मीही येतो. बरं वाटेल त्यांना.”

केअर सेंटर स्वच्छ होतं. फरशी खरंच घसरत नव्हती. काकांच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. विजेचं बटण उंचावर, म्हाताऱ्यांचा हात पोचू नये असं. काका खुर्चीत बसले होते. दाढी दुसऱ्या कोणीतरी केली होती, हे कळत होतं. गालावर एक पट्टा राहून गेला होता. त्यांनी शिक्केवाल्याला ओळखलं, मुलालाही ओळखलं, सूनबाईची चौकशी केली. तिचं नाव बरोबर घेतलं.

शिक्केवाल्याने बरोबर आणलेला डबा उघडला. काकांच्या हातचा बोर्ड त्याने एका साध्या लाकडी पेटीत बसवला होता, दोन छोटे स्पीकर आणले होते, आणि सिरीज बल्बसुद्धा. तिथल्या ताईंनी स्टुलावर चढून पिन लावून दिली. शिक्केवाल्याने बटण दाबलं. बल्ब क्षणभर चमकला आणि मंदावला, अगदी तसा, काकांनी सांगितलं होतं तसा. आणि मोबाइलवरची बासरी लागली. स्वच्छ, भरलेली, वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यावा अशी. शेजारच्या खोलीतले एक आजोबा दारात येऊन उभे राहिले.

“काका,” शिक्केवाला म्हणाला, “तुमचा बोर्ड. तुम्हीच जोडलेला. हिरव्या बाजूने. बघा, वाजतोय. तुमचंच बरोबर होतं.”

काका पुढे वाकले. त्यांचं बोट पेटीतल्या बोर्डापर्यंत आलं, एका रस्त्यावर थांबलं, मागे आलं. त्या रविवारी थांबलं होतं त्याच जागी ते बोट थांबलं होतं.

काकांनी मान वर केली. आधी मुलाकडे पाहिलं, मग ताईंकडे, जणू परीक्षेत कोण पेपर तपासणार आहे ते बघत असावेत.

“सरळ आहे,” ते म्हणाले. “छान सरळ आहे.”

मुलाचा चेहरा उजळला. “बघितलंत?” तो शिक्केवाल्याच्या कानाशी म्हणाला. “इथे आल्यापासून किती फरक पडलाय.”

“नाही काका!” शिक्केवाला म्हणाला. “उलटा आहे! नीट बघा, तुम्हाला दिसतंय. वीज तिकडून येतेय. उलटा आहे हा, मीच केला उलटा!”

“सरळ आहे,” काका समजुतीने म्हणाले.

“उलटा आहे हो!” त्याचा आवाज चढला. दारातले आजोबा दोन पावलं मागे सरले. ताई स्टुलावरून उतरल्या, बासरी बंद केली, ग्लासात पाणी ओतलं आणि शिक्केवाल्याला दंडाला धरून पलंगावर बसवलं.

“बसा. दोन घोट घ्या. बसा शांत,” त्या म्हणाल्या, आणि मग मुलाला हळूच विचारलं, “ह्यांचं कोणी आलंय का बरोबर?”

काका खुर्चीतून उठले. सावकाश पलंगाशी आले आणि शिक्केवाल्याच्या पाठीवर हात ठेवला.

“त्याला रागावू नका हं,” ते ताईंना म्हणाले. “सुरुवातीला मीपण असंच म्हणायचो.”